शिष्यवृत्तीवाले, उभे राहा

साल १९८६. सहावीचा वर्ग. हजेरी झाली की बाई टेबलावरचा फॉर्मांचा गठ्ठा उचलायच्या आणि म्हणायच्या, "शिष्यवृत्तीवाले, उभे राहा." आम्ही नऊ जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसल्या जागेवरून माना वळवून बघायचा. बाई काही वाईट नव्हत्या, त्यांना चारच्या आत फॉर्म मुख्याध्यापकांकडे पोचवायचे असायचे, एवढंच. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "तुम्हाला पैसे कशाबद्दल मिळतात गं?" मला काही सांगता आलं नाही. घरी येऊन आईला विचारलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "शिकण्याबद्दल. अजून कशाबद्दल?"

आता मी बँकेत नोकरी करते आणि दर शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या पंचवटीतल्या एका वस्तीत, अभ्यासिकेत बसते. मुलं गणितं घेऊन येतात, त्यांच्या आया कागद घेऊन येतात. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, नवऱ्याचा शाळेचा दाखला, लाइटबिल. प्रश्न बहुतेकींचा एकच: "ताई, एवढ्या योजना आहेत म्हणतात, मग आमच्या पोराच्या वाट्याला काहीच कसं येत नाही?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जमेल तितकं सरळ उत्तर.

कोणाचं कार्यालय कुठलं

"दलित आणि अल्पसंख्याक मुलांचं शिक्षण" हे शब्द ऐकले की एकच गठ्ठा डोळ्यांपुढे येतो. नाशिक जिल्ह्यात हा गठ्ठा सोडवला तर त्यातून फार वेगवेगळी मुलं निघतात. शहरातल्या वस्तीत वाढणारं बौद्ध किंवा मातंग मूल वेगळं. पेठ-सुरगाण्यातलं आदिवासी मूल वेगळं. जुन्या नाशकात किंवा मालेगावात उर्दू शाळेत जाणारं मुसलमान मूल आणखी वेगळं, आणि रस्त्याकडेला पालात राहणाऱ्या भटक्या कुटुंबातलं तर कुठल्याच पटावर धड नसतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त भरले आणि अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के. म्हणजे नाशकात हा प्रश्न कोपऱ्यातला नाही.

प्रत्येकासाठी सरकारचं खातं निराळं. अनुसूचित जातीला समाजकल्याण, आदिवासींना आदिवासी विकास (त्याचं राज्याचं आयुक्तालय इथेच, नाशकात आहे), भटक्या-विमुक्त आणि इतर मागासांना बहुजन कल्याण, मुसलमान-ख्रिस्ती मुलांना अल्पसंख्याक विभाग. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या तीन बायकांना तीन कार्यालयांचे जिने चढावे लागतात, आणि एकीने मिळवलेली माहिती दुसरीच्या उपयोगी पडत नाही.

धर्म बदलला की गुंता वाढतो. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंसाठी होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलित कुटुंबाला तो दाखला आजही मिळत नाही. उलट बौद्ध मूल अनुसूचित जातीतही मोडतं आणि धार्मिक अल्पसंख्याकांतही. मात्र एकाच कारणासाठी दोन्हीकडून शिष्यवृत्ती घेता येत नाही, हे अर्ज भरतानाच ठरवून टाकावं. नाहीतर दोन्हीकडचे अर्ज लटकतात.

आजोबांची शाळा

सगळ्यात जास्त मुलं जिथे अडतात ती जागा शाळेत नसतेच. ती असते सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्राच्या खिडकीपाशी.

जातीचा दाखला हवा, तर तुमचं कुटुंब एका ठरावीक तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहतं आणि त्या जातीचं आहे, याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आज सहा वर्षांच्या पोराचा दाखला काढायचा, तर त्याच्या आजोबा-पणजोबांचा कागद शोधायचा. सगळ्यात पक्का पुरावा कुठला मानला जातो? आजोबांचा शाळेचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा.

इथे थोडं थांबा. आमची अभ्यासिका काळाराम मंदिरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि नाशिक जिल्ह्यातल्या हजारो माणसांनी तो पाच वर्षं चालवला आणि शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. देवळाचं दार तेव्हा उघडलं नाही. पण त्या वर्षांत ज्यांनी पोराच्या हातात पाटी दिली, त्यांच्या नातवंडांचं काम आज सोपं झालंय, कारण त्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात बसलं. नाशिकच्या शांताबाई दाणी त्याच पिढीतल्या. पुढे त्यांनी मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह चालवलं. ज्यांच्या आजोबांना मात्र शाळेच्या ओट्यावरूनच परत पाठवलं, त्यांच्याकडे कागद नाही. म्हणजे ज्या घराला शाळेने आत घेतलं नाही, त्याच घराकडे आपण शाळेचा कागद मागतो. हे मी खिडकीपलीकडच्या एका कारकुनाला एकदा म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, खरंय, पण मी काय करू?"

करता येतं ते असं. शाळेचा उतारा नसेल तर तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी बघायच्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची नोंद जातीसकट सापडू शकते. जमिनीचे जुने कागद असतील तर तेही चालतात. वडिलांकडच्या चुलत्याला, आत्याला आधी दाखला मिळालेला असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. कुटुंब परभणीहून किंवा जालन्याहून नाशकात आलं असेल तर पुरावा मूळ गावचा लागतो. तेव्हा दिवाळीला गावी गेलात की फराळाआधी शाळेत जाऊन उतारा काढून आणा.

आणि एक सांगते, जे कुणी सांगत नाही. मुलाचं नाव पहिलीत घालताना रजिस्टरात धर्म आणि जात कशी लिहिली जाते, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आजोबांच्या दाखल्यावर "हिंदू महार", वडिलांच्या "नवबौद्ध" आणि मुलाच्या नुसतं "बौद्ध" अशी तीन पिढ्यांची तीन रूपं मी एकाच पिशवीत पाहिली आहेत. मूल शाळेत आहे तोवर नोंद दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं असतं. शाळा सोडल्यावर तेच काम वर्षं खातं.

पंचवीस टक्क्यांचं गणित

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण हे त्याचं मुख्य कलम. लोकांच्या तोंडी मात्र "आरटीई" म्हणजे एकच गोष्ट: खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा. "आमच्या पोरीचं आरटीईत लागलं" असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना तेच म्हणायचं असतं.

विनाअनुदानित खासगी शाळेने आपल्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या चौथाई जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या. महाराष्ट्रात वंचित गटात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्ग येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकात जात कुठलीही चालते, पण घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. गरीब मुसलमान कुटुंबं बहुतेक या दुसऱ्या दारातून आत येतात, म्हणून त्यांनी उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा. अर्ज ऑनलाइन, दहा शाळांपर्यंत पसंती देता येते, जागा कमी असतील तिथे लॉटरी.

आता खाचखळगे. अर्जात घराचा पत्ता नकाशावर टिंब ठेवून दाखवावा लागतो. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असेल तर पहिला मान, मग तीन किलोमीटरच्या आतल्यांना. वस्तीतल्या गल्ल्या नकाशावर धड उमटत नाहीत. सायबर कॅफेतला पोरगा घाईत टिंब ठेवतो, ते कधी गोदावरीच्या पात्रात पडतं, कधी हायवेच्या पलीकडे. लॉटरी लागते, पण पडताळणीत अंतर जुळत नाही आणि प्रवेश जातो. आमच्याकडे मागच्या एका वर्षी असंच झालं. अंतर तपासलं तर घर नऊशे मीटरवर होतं आणि टिंब दीड किलोमीटरवर. तेव्हापासून आम्ही सांगतो की आधी मोबाइल घेऊन आपल्या दारात उभं राहा, तिथलं ठिकाण जतन करा आणि मगच फॉर्म भरायला जा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. वाचायला साधं वाटतं. पण शहरात मनपाची किंवा अनुदानित शाळा नाही असा किलोमीटर शोधून दाखवा! म्हणजे नाशकातल्या कॉलेज रोड, गंगापूर रोडसारख्या सुखवस्तू भागांतल्या जवळजवळ सगळ्या जागा एका फटक्यात गेल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द केला.

शाळांची बाजूही ऐकायला हवी. या मुलांची फी शाळेला सरकार देतं, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये असा दर राज्याने ठरवला आहे. ती रक्कम वर्षानुवर्षं थकते अशी शाळांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण थकबाकी सरकारची असते, राग मुलावर निघतो. "आरटीईवाल्यांनी गॅदरिंगचे पैसे भरलेले नाहीत" असं वर्गात जाहीर झालेलं एका आठ वर्षांच्या मुलीने मला सांगितलं. १९८६ पासून शब्द तेवढा बदलला. कायदा सांगतो की ज्यामुळे मुलाला शिक्षण पूर्ण करता येणार नाही अशी कुठलीही फी त्याच्याकडून घ्यायची नाही. सहल, स्नेहसंमेलन, "ॲक्टिव्हिटी" ही नावं पालकाला गोंधळात टाकतात. लेखी मागा म्हटलं की निम्मी मागणी तिथेच विरते.

अल्पसंख्याक समाजाच्या संस्थांनी चालवलेल्या शाळा या २५ टक्क्यांत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने तर त्यांना सगळाच कायदा लागू होत नाही. त्यामुळे "अल्पसंख्याक मूल" आणि "अल्पसंख्याक शाळा" या दोन गोष्टी एक समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी पाठवला आहे.

आणि नववी. कायदा आठवीला संपतो. ज्या आईने आठ वर्षं सुटकेचा श्वास घेतला, तिच्या हातात नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीचा कागद पडतो. मी प्रत्येक पालकाला सहावीतच विचारते, "नववीचं काय ठरवलंय?" काही जण चिडतात. चिडू देत.

पैसे किती, आणि कोणासमोर

शिष्यवृत्त्यांचे आकडे ऐकून हसू नका. पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला, रोजचा एक रुपया. पाचवी ते सातवीतल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, कित्येक वर्षं महिना ६० रुपये, आठवी ते दहावीला १००. एवढ्यात आता वहीही येत नाही. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीतल्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती वर्षाला ३,५०० रुपये आहे, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये थांबवली, ती नववीपासूनच ठेवायचं ठरलं. कारण दिलं की आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे. चपला, कंपासपेटी आणि रिक्षा ही मोफत कुठे मिळतात, ते कुणी सांगितलं नाही.

त्यातल्या त्यात दणदणीत म्हणावी अशी एक आहे: आठवीत द्यायची एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) परीक्षा. पास झालेल्या आणि गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. ही फक्त सरकारी, मनपा-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी शाळेत आरटीईतून शिकणाऱ्याला ती मिळत नाही, हे गणित शाळा निवडताना कुणीच करत नाही.

बँकेतली बाई म्हणून एक टीप. पैसे आले नाहीत असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा ते भलत्याच खात्यात गेलेले असतात. खात्याला आधार नंबर दिला म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतात असं नाही. ज्या एका खात्याशी आधार शेवटचं जोडलं गेलं, तिथे ते जातात. खाती दोन असतील तर आधी हे तपासा.

सफाई, कातडी कमावणं, कचरा वेचणं अशा कामांतल्या पालकांच्या मुलांना पहिलीपासून शिष्यवृत्ती आहे. तिला ना जातीची अट, ना उत्पन्नाची. मी मोठ्या उत्साहाने एका बाईंना हे सांगितलं. त्या पेठ रोडला कचरा वेचतात. त्यांना फक्त कामाचा दाखला आणायचा होता. त्या दोन शनिवार आल्याच नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या आणि म्हणाल्या, "नको ताई. पोराच्या शाळेत कळेल." वर्षाचे साडेतीन हजार रुपये त्यांनी नाकारले. मी त्यांना वेड्यात काढणार नाही.

बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या

शाळेत नाव घालणं हा आता तितका मोठा प्रश्न राहिलेला नाही. आत गेल्यावर मूल शिकतं का, हा आहे.

पाचवीतला एक मुलगा माझ्यापुढे धडा घडाघडा वाचत होता. आवाज चढता, विरामचिन्हांसकट. मग माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड सहाव्या. अख्खा धडा पाठ होता! पुस्तक उलटं धरलं असतं तरी अडला नसता. मी पान बदललं, अनोळखी गोष्ट पुढे ठेवली. "मगर" वाचताना तो म-ग-र असा एकेक दगडावरून उडी मारत गेला आणि शेवटी "मग" म्हणून थांबला.

असं मूल ओळखायला पाच मिनिटं लागतात. चार चिठ्ठ्या करा. एकीवर सुटी अक्षरं, दुसरीवर साधे शब्द, तिसरीवर चार वाक्यांचा परिच्छेद, चौथीवर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. "असर" नावाची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांतल्या घरांत याच पद्धतीने मुलांचं वाचन तपासते. मूल ज्या चिठ्ठीवर अडलं, तिथून शिकवायला घ्यायचं, मग ते कितवीतही असो. "प्रथम" संस्थेने हीच वाट रुळवली: दिवसातला एखादा तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. अक्षरांचा गट, शब्दांचा गट, गोष्टीचा गट. आमच्या या "पोपटा"ला (नाव त्यानेच स्वतःला पाडून घेतलं) शब्दांच्या गटात तिसरीच्या मुलांबरोबर बसवलं. पहिल्या दिवशी रुसला. दोन महिन्यांनी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत घरी जायला लागला.

वर्गात हे का होत नाही? शिक्षकाला पुस्तक "संपवायचं" असतं. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं हे वेगळंच. पण आणखी एक कारण आहे, घरची भाषा. बागलाण-मालेगावकडचं मूल घरी अहिराणी बोलतं. अहिराणीत "कथा" म्हणजे कुठे. पुस्तकात "कथा" म्हणजे गोष्ट. सुरगाण्याचं मूल कोकणी बोलत येतं, आपल्या रत्नागिरीकडची नव्हे, डोंगरातल्या कोकणा लोकांची. जुन्या नाशकातलं मूल घरी दखनी उर्दू बोलतं आणि मराठी शाळेत गेलं तर "ळ" वर अडखळतं. शिक्षकाने पहिली दोन वर्षं घरच्या शब्दाला हसण्याऐवजी फळ्यावर त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहिला, तरी अर्धं काम झालं.

द्राक्षांची शाळा

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरची कुटुंबं ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथे आईच्या ओढणीला धरून शाळेच्या वयाची पोरं उभी असतात. जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष बागेत. त्यांच्यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडताना शाळेतून घ्यायचं, नव्या गावातल्या शाळेत दाखवायचं, मूल त्या वर्गात बसतं. कार्ड नसलं तरी कायदा मुलाच्या बाजूने आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, एवढ्यावरून कुठल्याही शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही. बागायतदारांनीही मनावर घेतलं तर खूप होईल. माल निर्यात करणाऱ्या बागेत औषधाच्या फवारणीची नोंद दिवसागणिक ठेवली जाते. बागेतल्या पोरांची नोंद ठेवायला एक वही पुरते.

उभं राहिल्याने काय होतं

आता परत माझ्या सहावीच्या वर्गाकडे. उभं राहिल्याने खरंच काही फरक पडतो, की मी उगाच मनाला लावून घेतलं?

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांवर एक प्रयोग केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, जितके सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलं जवळजवळ बरोबरीने सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांचे सुटलेले चक्रव्यूह लक्षणीय कमी झाले. मुलं तशीच, कोडी तीच. फक्त यादी वाचली गेली होती.

रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. वरच्या पानावरची जात मुद्दाम चिठ्ठी टाकल्यासारखी कुणालाही लावली होती. २०१२ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात खालच्या जातीचं नाव लागलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडलेले दिसले. फरक मोठा नव्हता. पण वर्षाला किती पेपर होतात, ते मोजा.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात आवडतो, कारण तो दुसऱ्या बाकाबद्दल आहे. गौतम राव यांनी दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळा पाहिल्या, जिथे गरीब मुलांना जागा द्यायची सक्ती झाली होती. त्यांच्याबरोबर शिकलेली श्रीमंत मुलं जास्त मदत करणारी निघाली आणि गरीब मुलाला खेळात जोडीदार घ्यायला कमी कचरली. "आरटीईच्या पोरांमुळे आमच्या मुलांवर परिणाम होईल" असं गंगापूर रोडवरच्या पालकसभेत कुणी म्हणालं, तर म्हणावं, होतो, नक्की होतो.

म्हणून मी शिक्षकांना जे सांगते ते फार मोठं नाही. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचू नका. जनरल रजिस्टरात जात असते, ती तिथेच राहू द्या, हजेरी घेताना तोंडात आणू नका. वर्ग झाडणं, पाणी भरणं याची पाळी हजेरी क्रमांकाने लावा आणि ती भिंतीवर चिकटवा, म्हणजे नेहमी ठरावीक चार मुलंच झाडताना दिसणार नाहीत. बाकावरच्या जागा महिन्याला बदला. मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर कायद्यात बंदी आहे, आणि जातीवरून टोमणा हा त्या दुसऱ्यात बसतो.

पालकांच्या हातातलं एक हत्यार बहुतेक ठिकाणी म्यानातच असतं: शाळा व्यवस्थापन समिती. विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत ती हवीच. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या विकासाचा आराखडा तीच करते, अनुदान कुठे खर्च झालं तेही तिनेच बघायचं. खेड्यात ती बऱ्याचदा सरपंचांच्या घरात बसून भरते आणि सह्या मागाहून येतात. आपलं नाव यादीत आहे हे काही आयांना मी सांगितल्यावर कळलं. समितीत गेलेल्या बाईने पहिल्या बैठकीत फक्त एक विचारावं: "पाचवीतली किती मुलं गोष्ट वाचू शकतात?" उत्तर लेखी मागावं.

आमच्या जवळच्या एका शाळेत समितीतल्या तिघींनी गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट मागितली. शिष्यवृत्ती, बसचा पास, आधार दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला या सगळ्यांचे फॉर्म जूनच्या एका शनिवारी, एकाच हॉलमध्ये, सगळ्या पालकांकडून भरून घ्यायचे. मुख्याध्यापिकांनी आधी हात वर केले, मग केलं. एकच रांग. कोण कशासाठी उभं आहे ते कळत नव्हतं. दुपारपर्यंत काम उरकलं आणि वर्गात एकही गठ्ठा गेला नाही.

पेठ रोडच्या त्या बाईही रांगेत होत्या. त्यांनी कोणता फॉर्म भरला ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर त्याच शाळेतली सहावीतली एक मुलगी अभ्यासिकेत गणितं सोडवत बसली होती. मी सहज विचारलं, "तुझ्या वर्गात शिष्यवृत्ती कोणाकोणाला मिळते गं?"

तिने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "काय माहीत."